गाईच्या मागं कुत्रं

मी ऑस्ट्रेलियात एका डेअरीवर कामाला आहे. दिवाळी पाडव्याला मी घरच्या ग्रुपवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. संध्याकाळच्या धारेची वेळ, तीनशे गाई लेनवरून डेअरीकडं चाललेल्या आणि त्यांच्या मागं एकटी आमची कुत्री, टेस. गावाकडं आज जनावरं धुऊन, शिंगं रंगवून झाली असतील, इकडची जनावरंही सगळ्यांनी बघावीत, एवढाच हेतू.

अर्ध्या तासात भांडण पेटलं. पुतण्यानं लिहिलं, "काका, गोमातेच्या मागं कुत्रं सोडता? तिकडं जाऊन हेच शिकलात काय?" त्यावर पुण्याची चुलतबहीण म्हणाली, "गाईचं राहू दे दादा, त्या मुक्या कुत्रीला राबवून घेता, हे शोषण नाही का?" मग दोघं एकमेकांवरच घसरली. राज्यमाता निघाली, भटकी कुत्री निघाली, सुप्रीम कोर्ट निघालं. टेस राहिली बाजूला. मी बरेच दिवस गप्प बसलो, पण धार काढताना, चॅनेलचं म्हणजे पाटाचं पाणी फिरवताना तेच डोक्यात घोळत होतं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी टेस काय करते ते सांगतो, कारण त्या दोघांनीही ते नीट बघितलेलं नाही. ती हीलर आणि केल्पी या गुरं-मेंढ्या हाकणाऱ्या इथल्या दोन जातींचा संकर आहे. मी गेट उघडलं की ती सरळ गाईंवर धावून जात नाही. कुंपणाच्या कडेनं लांबचा वळसा घालून पॅडकच्या, म्हणजे कुंपणातल्या कुरणाच्या, पार टोकाला जाते आणि उभी राहते. भुंकत नाही. गाई मान वर करतात, तिला बघतात आणि चालू लागतात. एखादी गाई बाजूला फुटली, तर टेस तिच्या खांद्याच्या पुढं येते, गाई वळते, की ही परत मागं. खांद्याच्या मागं राहिलं की जनावर पुढं जातं आणि पुढं आलं की थबकतं, हे काठी घेऊन गुरांमागं हिंडलेल्या आमच्याकडच्या कुठल्याही पोराला न शिकवता येतं. टेसलाही तसंच येतं.

४१२ नंबरची एक हट्टी गाई आहे. ती चॅनेलच्या कोपऱ्यावर रोज अडते. टेस आधी जमिनीला पोट लावून तिच्याकडं नुसती बघत बसते. गाई तरीही हलली नाही, तर सरपटत मागं जाते, ज्या पायावर भार आहे त्याच पायाला खुराच्या वर हलका दात लावते आणि त्याच क्षणी चपटी होते. भाराचा पाय लगेच उचलत नाही, आणि उचललाच तर लाथ डोक्यावरून जाते. रक्त नाही, ओरखडासुद्धा नाही. धारेआधी गाई थांबतात त्या यार्डाच्या गेटाशी आल्यावर ती बसते. आत काँक्रीटवर कुत्रं न्यायचं नाही, हा माझ्या मालकाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मागून रेटलं की गाई घसरतात, खुरं दुखावतात, लंगड्या होतात. शिवाय घाबरलेली गाई पान्हा चोरते. हे माझ्या आजीलाही माहीत होतं, तिला कुणी डेअरीचा कोर्स शिकवला नव्हता.

हीलर ही जात काही हौसेतून आली नाही. न्यू साउथ वेल्समध्ये हंटर नदीच्या वरच्या खोऱ्यात थॉमस हॉल नावाचा मोठा गुरंवाला होता. कुंपणं नाहीत, मैलोन्मैल मोकळं रान, अर्धवट रानटी झालेली गुरं. १८४० च्या दशकात त्यानं इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडकडची गुरं हाकणारी कुत्री आणली आणि त्यांचा इथल्या डिंगोशी, म्हणजे रानकुत्र्याशी, संकर केला. उन्हात टिकणं आणि आवाज न करता मागून येणं हा गुण डिंगोचा, असं इथले जुने लोक सांगतात. १८७० मध्ये हॉल वारला आणि त्याच्या घराण्यानं जपलेली ही कुत्री बाहेर पसरली. मी राहतो त्या व्हिक्टोरियातल्या रोचेस्टरला तर ब्लुई नावाची हीलर होती. १९१० ची, १९३९ मध्ये मेली. एकोणतीस वर्षं पाच महिने जगली, आणि त्यातली जवळजवळ वीस वर्षं गुरं-मेंढ्यांमागं काम केलं. सर्वांत जास्त जगलेलं कुत्रं म्हणून तिची अनेक वर्षं नोंद होती. राबवून मारलेलं जनावर एवढं जगत नाही, एवढं बहिणीनं लक्षात घ्यावं.

आता पुतण्याकडं येतो. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नरसोबाच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या प्रत्येक घरात दत्ताचा फोटो आहे, त्याच्याही घरात आहे. त्या फोटोत दत्ताच्या मागं गाय आहे आणि पायाशी चार कुत्री आहेत. गाय म्हणजे पृथ्वी, कुत्री म्हणजे चार वेद, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं. दर गुरुवारी त्यांच्यापुढं उदबत्ती लावायची आणि प्रत्यक्षात गाईच्या मागं कुत्रं दिसलं की धर्म बुडाला म्हणायचं? जेजुरीच्या खंडोबाजवळही कुत्रं आहे. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले. कुत्र्याला हीन मानणं हे आपल्या संतांकडून आलेलं नाही. ते कुठून आलं, याचा त्यानं शोध घ्यावा.

३० सप्टेंबर २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं. चांगलं झालं. पण आमच्या भागात किती गाई दिवसभर दोन हात दाव्यावर उभ्या असतात, ते मोजा. इथल्या गाई रात्रंदिवस मोकळ्या असतात, बसावं वाटलं तिथं बसतात, दिवसातून दोनदा टेसच्या पुढं चालत डेअरीत येतात. मोकळं जनावर परत आणायला काहीतरी लागतं. क्वाड बाइक, म्हणजे चार चाकांची मोटरसायकल, लागते नाहीतर कुत्रं. क्वाड बाइक उलटून इथं शेतकरी मरतात. कुत्रं उलटत नाही.

बहिणीच्या "शोषण" शब्दाचा मला जास्त राग आला, कारण तिचं कुत्र्यांवरचं प्रेम खरं आहे. पंधरा कुत्र्यांची नसबंदी तिनं स्वतःच्या पगारातून केली आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात न्या म्हटलं, तेव्हा ती रात्रभर झोपली नाही. २२ ऑगस्टला आदेश बदलला, नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथं सोडा असं ठरलं, तेव्हा ती फोनवर रडली. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टेशनं यांच्या आवारातून कुत्री हलवायचा आदेश आला आणि ती पुन्हा लढायला उभी राहिली. पण तिच्या पंधरांतल्या एकाला तरी मालक आहे का? इथं तीन महिन्यांच्या वरच्या प्रत्येक कुत्र्याला चिप लागते, कौन्सिलची नोंदणी लागते. मोकाट कुत्रं मेंढरांत शिरून फाडताना दिसलं, तर शेतकरी ते तिथल्या तिथं मारू शकतो, कायदा तसं सांगतो. कडक आहे, पण मला पटतो.

आणि काम म्हणजे शोषण नव्हे. पायाचा स्नायू दुखावला म्हणून टेसला सहा आठवडे कामावर न्यायचं नाही, असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी तिनं शेडची अर्धी माती उकरली. मग कोंबड्या कोपऱ्यात गोळा करायला लागली, मग माझी दोन्ही मुलं. पहाटे साडेचारला माझे गमबूट वाजले की साखळी ओढून ओढून गळ्याला वळ पडायचे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला होता, की एक कामाचं कुत्रं आयुष्यभरात सुमारे चाळीस हजार डॉलरचं काम करतं, खर्चाच्या पाचपट. हे मी बहिणीला पाठवलं. ती म्हणाली, "बघ, शेवटी पैशावर आलास." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

आमच्याकडं अशी कुत्री नाहीत याचं कारण अडाणीपणा नव्हे, हेही सांगायला हवं. दोन म्हशी आणि एक गाई दाव्यावर असेल, तर हाकायचं काय? धनगरांची कुत्री वाड्याभोवती राखण करतात, लांडगा आला तर अंगावर घेतात, पण मेंढरं वळवायला धनगराची हाक आणि शीळ पुरते. कोल्हापुरात पाडव्याला गवळी म्हशींचा सगर काढतात, तेव्हा म्हैस मालकाच्या मोटरसायकलमागं धावते, गर्दीतून, फटाक्यांतून. तिच्या मागं कुणी नसतं. इथल्या मालकाला मी तो व्हिडिओ दाखवला. त्यानं तीनदा बघितला.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचं गाव पाण्यात होतं. बोट दारात आली आणि आण्णा म्हणाले, जनावरं सोडून येत नाही. दोन्ही म्हशी पोहून निघाल्या. गाई पाण्यात पाय घालेना, मागं वासरू होतं. आण्णांनी शेवटी विळ्यानं दावं कापलं. गाई नंतर मिळाली नाही. हे सगळं मला फोनवर कळत होतं, आणि मी त्या वेळी डेअरीत दुसऱ्याच्या गाईंना धारेच्या मशीनचे कप लावत होतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये रोचेस्टर बुडालं. कॅम्पास्पी नदी शहरात शिरली. मालकानं रात्री दोनला उठवलं. वीज नव्हती, लेनवर गुडघाभर पाणी, आणि काळ्या पाण्यात एकही गाई उतरेना. टेस अर्धी पोहत, अर्धी उड्या मारत मागं गेली. त्या रात्री तिनं दात लावले, चांगलेच लावले. उजाडेपर्यंत तीनशे गाई टेकाडावर होत्या, एकही गेली नाही. मालकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला मात्र आण्णांच्या हातातला विळा दिसत होता.

मी ज्याला इतका वेळ गाईबद्दल शिकवतो आहे, तो पुतण्या २०१९ च्या त्या रात्री सोळा वर्षांचा होता आणि आण्णांच्या शेजारी छातीभर पाण्यात म्हशीचं शिंग धरून उभा होता. मी तिथं नव्हतो. तो गोमाता म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर ती एकच गाई असणार. हे मला व्हिडिओ टाकताना सुचायला हवं होतं. अजून एक गोष्ट मी ग्रुपवर कधी टाकली नाही. इथं नर वासरं पाच दिवसांची झाली की ट्रकमध्ये चढतात आणि कत्तलखान्यात जातात. पहिल्या वर्षी मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. आता जेवतो.

टेसला यंदा पिल्लं झाली, त्यातलं एक मी ठेवलं. नाव वाघ्या. त्याला मी मराठीत शिकवतो. "थांब", "हळू", "फिर", "मागं ये". माझी मुलं मला इंग्रजीत उत्तर देतात, वाघ्या मात्र "हळू" म्हटलं की पोट टेकवतो. मालकाला ते चालवता येत नाही, तो "स्टेडी" ओरडतो आणि वाघ्या माझ्याकडं बघतो. अशा कुत्र्याला इथं विकलं तर किंमत येणार नाही, हे मला माहीत आहे.

परवा पुतण्याचा मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, वेगळा. "काका, ते पिल्लू गाईला चावतं का?" मी लिहिलं, अजून नाही, अजून नुसतं बघतंय. तो म्हणाला, "आण्णांना दाखवतो, व्हिडिओ पाठवा. आवाजासकट."