पाणी तोडा, पिशवी वाचवा? त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या ‘आजोळ’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिलमध्ये एक मेसेज आला. वर हात जोडलेले, खाली ‘जनहितार्थ’, मधे सात मुद्दे. ‘पोटावर पिशवी आहे? दवाखान्याच्या चकरा बंद करा!’ शेवटी ‘अनुभवी डॉक्टरांचा सल्ला’ असंही होतं, फक्त डॉक्टरांचं नाव नव्हतं. टाकणारा माझा मामेभाऊ. दादाच्या मनात वाईट काही नव्हतं. माझी मावशी त्याच ग्रुपवर आहे आणि तिच्या पोटावर शौच गोळा करणारी पिशवी आहे, म्हणूनच त्याने तो टाकला. मावशी निवृत्त शिक्षिका. तिने सातही मुद्दे वहीत उतरवून घेतले, नंबर घालून.

त्यानंतर हाच मेसेज मला ऑफिसातून आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि परवा आईच्या भिशीतल्या एका काकूंनी ‘तुझ्या मावशीला उपयोगी पडेल’ म्हणून पाठवला. आता पुरे झालं.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, पिशवी कुणालाही लावता येते, ‘स्टोमा नर्स’ (स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, आणि त्याची काळजी शिकवणारी ती स्टोमा नर्स) हा पिशव्या विकणाऱ्या कंपन्यांनी काढलेला धंदा आहे. दोन, भोवतीची कातडी लाल झाली तर हळद आणि खोबरेल लावा. तीन, पिशवी हवेने फुगली तर सुईने बारीक भोक पाडा. चार, पिशव्या म्हणजे लूट, एकच धुऊन महिनाभर वापरा. पाच, पाणी आणि मीठ कमी करा, पिशवी कमी भरेल. सहा, प्रवास, स्वयंपाक, देवपूजा टाळा. सात, काही महिन्यांनी पिशवी आपोआप निघते.

पाचव्यापासून सुरुवात करते, कारण त्या पाचव्यापायी मावशीला सलाईन लागलं.

मावशीला आतड्याचा टीबी होता. कळला तो आतड्याला भोक पडल्यावर, रात्री दीड वाजता. सर्जननी तातडीने ऑपरेशन करून जीव वाचवला आणि लहान आतड्याचं टोक पोटावर काढून ठेवलं. याला इलिऑस्टोमी म्हणतात. मोठ्या आतड्याचं टोक काढलं तर ती कोलोस्टोमी. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेसेज लिहिणाऱ्याला तो ठाऊकच नाही, त्याच्या लेखी पिशवी म्हणजे पिशवी.

लहान आतड्यातून मोठ्या आतड्याकडे रोज दीड-दोन लिटर पातळ द्रव जातो. मोठं आतडं त्यातलं बहुतेक पाणी आणि मीठ परत ओढून घेतं, म्हणून आपल्याला बांधून होते. इलिऑस्टोमीत हे मोठं आतडं वाटेतूनच बाजूला पडतं. लहान आतडं हळूहळू थोडं सरावतं, तरी दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर, कधी लिटरभर बाहेर येणारच. त्या लिटरभराबरोबर साधारण चमचाभर मीठही जातं. आणि हे काही फक्त प्यायलेलं पाणी नसतं. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, हे तुम्ही निर्जळी एकादशी केली तरी तयार होतं आणि पिशवीत उतरतं. पाणी तोडून पिशवी जरा हलकी होईलही, पण तेवढी भरपाई मूत्रपिंडाला करावी लागते.

मावशीने पाणी दोन भांड्यांवर आणलं. भाजीत मीठ नाही, ताकात नाही. उन्हाळा फलटणचा. आठ दिवसांनी ती उठताना भिंत धरायला लागली, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल, मोठं ऑपरेशन झालंय. योगायोगाने त्याच आठवड्यात पुण्याच्या एका हॉस्पिटलात स्टोमा सिस्टरची वेळ मिळाली होती, तीसुद्धा पिशवी गळते म्हणून. सिस्टरनी पिशवीला हात लावायच्या आधी विचारलं, “काकू, दिवसाला पाणी किती पिता? लघवीचा रंग कसा असतो?” मावशीने अभिमानाने वहीच काढून दाखवली. सिस्टरनी पाचवा मुद्दा वाचला, वही मिटली आणि सरळ रक्त तपासायला पाठवलं. सोडियम घसरलेलं, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारा आकडा, दुपटीच्या वर. दोन दिवस ॲडमिट.

इलिऑस्टोमीनंतर रुग्ण पुन्हा हॉस्पिटलात येतात त्याच्या मुख्य कारणांत हे शरीर कोरडं पडणं आहे. ज्याने सल्ला लिहिला त्याला याचा पत्ताही नाही, आणि आपण तो हात जोडलेल्या चित्रासकट पुढे ढकलतोय.

गंमत अशी की, याचं उलटंही बरोबर नाही. मी लगेच म्हटलं, मग आता दिवसाला चार लिटर पाणी पाजते. सिस्टर म्हणाल्या, नको. नुसतं साधं पाणी खूप प्यायलं की आतडं त्यात शरीरातलंच मीठ सोडतं, आणि ते मीठ पाण्यासकट बाहेर पडतं. तहान वाढते, पिशवी आणखी भरते. प्यायचं ते मीठ-साखरेचं, म्हणजे ओआरएस, आणि घोट घोट दिवसभर. बाहेर पडणारं दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं तर वाट बघत थांबायचं नाही, कळवायचं. अशा रुग्णांसाठी लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचं एक प्रसिद्ध मिश्रण आहे: लिटरभर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. ते कुणाला द्यायचं, किती द्यायचं हे डॉक्टर ठरवतात (बीपी, हृदयाचा आजार असेल तर मिठाचा हिशेब वेगळा). जेवणात मऊ भात, मीठ घातलेली पेज, केळं, उकडलेला बटाटा, म्हणजे जरा घट्ट होतं. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, शेंगदाणे सुरुवातीला नकोत, अडकतात. मावशीच्या वहीत आता हे सगळं आहे. पाचव्या मुद्द्यावर तिने लाल पेनने फुली मारली आहे, शिक्षिकेच्या हाताची.

आता पहिला मुद्दा. स्टोमा नर्स म्हणजे कंपन्यांचं पिल्लू.

हे काम सुरू कुणी केलं, ऐका. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाच्या गावी नॉर्मा गिल नावाच्या बाई राहायच्या. आतड्याला वर्षानुवर्षं व्रण. १९५४ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांची इलिऑस्टोमी केली. बऱ्या झाल्यावर त्या आपल्यासारख्याच इतर रुग्णांना पिशवी कशी सांभाळायची ते शिकवायला लागल्या. १९५८ मध्ये टर्नबुलनी त्यांना या कामासाठी नोकरीवरच घेतलं आणि १९६१ मध्ये दोघांनी मिळून याचं प्रशिक्षण सुरू केलं. म्हणजे या विद्येची पहिली शिक्षिका कंपनीची सेल्सवुमन नव्हती. ती नर्ससुद्धा नव्हती. ती पोटावर पिशवी असलेली रुग्ण होती.

‘परदेशी फॅड’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. त्या काळी कातडी सोलून निघायची त्यावर टर्नबुलना सापडलेला पहिला चांगला उपाय म्हणजे कराया डिंक. हा डिंक आपल्या कांडोळ झाडाचा, ज्याला पांढऱ्याफटक बुंध्यामुळे भुत्या म्हणतात, तोच. आपल्या डोंगरांतलं झाड.

राहिला प्रश्न, नर्समुळे खरंच फरक पडतो का? इंग्लंडमध्ये याची नीट चाचणी झाली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण ४२, कोण कुठल्या गटात हे नशिबावर सोडलेलं. एका गटाला नेहमीसारखं ऑपरेशननंतर वॉर्डात शिकवलं. दुसऱ्या गटाच्या घरी नर्स ऑपरेशनच्या आधीच गेली, पिशव्या हातात दिल्या, सराव करून घेतला. पहिल्या गटाला स्वतःची पिशवी स्वतः सांभाळायला ९ दिवस लागले, दुसऱ्याला साडेपाच. घरी जायला १० दिवसांच्या जागी ८. घरी गेल्यावर ऐनवेळी मदतीला बोलवावं लागण्याचं प्रमाणही कमी. वर दर रुग्णामागे अकराशे पौंडांच्या वर खर्च वाचला. ४२ ही संख्या छोटी आहे, कबूल. पण मेसेजकडे एकही नाही.

‘कुणालाही लावता येते’ हे अर्धं खरं आहे. शिकवल्यावर येते. मावशीचं उदाहरण घ्या. ठरवून ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशी नर्स किंवा सर्जन पोटावर खूण करतात. झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून बघतात. वळी कुठे पडते, हाडं कुठे टोचतात, जुना व्रण कुठे, रुग्णाला स्वतःला ती जागा दिसते का, आणि आपल्याकडे महत्त्वाचं म्हणजे परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो. मावशीच्या वेळी रात्री दीडला हे कोण करणार? त्यात कुणाचा दोष नाही. पण स्टोमा आला नेमका नाडीच्या रेषेत, कातडीच्या पातळीला टेकलेला, शेजारी खोल वळी. दीड महिना रोज गळती. ती मागच्या खोलीत सतरंजीवर झोपायची, म्हणे गादी खराब होईल. एकदाच जेवायची. माणसं आली की आतून कडी.

ॲडमिट असतानाच सिस्टरनी तिच्यासोबत पाऊण तास घालवला. आधी माप घेतलं. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, आणि आम्ही अजून फ्लँजला, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीला, पहिल्या आठवड्याच्या मापाचंच भोक कापत होतो. मधल्या उघड्या कातडीवर दिवसभर पाचकरस. ते रस अन्न पचवतात तशी कातडीही पचवतात. नवीन भोक स्टोम्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. सपाट फ्लँजऐवजी आतून फुगीर असलेली, वळीत पेस्ट भरून. परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, तेही स्टोम्याच्या वर. मग आरसा हातात देऊन म्हणाल्या, “आता तुम्ही करा. मी नुसती बघते.” मावशीचा हात थरथरत होता. दुसऱ्या वेळी कमी. तिसऱ्या वेळी तिने मलाच बाजूला व्हायला सांगितलं.

आधी दिवसाला एक फ्लँज जायची. आता चार दिवस टिकते. खप वाढवायला नेमलेल्या बाईने खप पाव केला, हा कुठला धंदा?

सुईचं भोक. यावर काय लिहू! पिशवीचा अख्खा उपयोग वास आत राहावा हा. तिला भोक पाडायचं असेल तर लावायची कशाला? हवा झाली तर संडासात जाऊन खालचं तोंड उघडा, किंवा कोळशाचा फिल्टर असलेली पिशवी मिळते ती घ्या. एक तृतीयांश भरली की रिकामी करा. संपलं.

हळद-खोबरेल. तेलावर फ्लँज चिकटत नाही. चिकटत नाही म्हणून गळते, गळते म्हणून कातडी जळते, जळते म्हणून आणखी तेल. डेटॉल-स्पिरिटही नको. कोमट पाणी, कोरडं करणं, लागलीच तर स्टोमा पावडर, तीही झटकून. आणि स्टोमा स्वतः लालच असतो, तोंडाच्या आतल्या भागासारखा ओलसर लाल. तो काळा-निळा पडला तर हळदीचा डबा शोधू नका, सर्जनकडे पळा.

पिशव्या महाग आहेत, हे मात्र नाइलाजाने मान्य. एका बदलाला काहीशे रुपये, आणि कित्येकांना हे जन्मभर. कंपन्यांच्या नर्स घरी येतात आणि आपल्याच कंपनीच्या पिशव्या दाखवतात, हेही खरं. म्हणून हॉस्पिटलच्या सिस्टरला विचारा, दुसऱ्या कुणाचं स्वस्तात काय चालेल. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे आणि नर्सना याचं शिक्षणही तिथे मिळतं. तालुक्याच्या गावी मात्र अशी सिस्टर शोधून सापडत नाही. फलटण ते पुणे गाडी करून जावं लागलं. चिडायचं असेल तर यावर चिडा. पण एकच फ्लँज महिनाभर? तिचा चिकट थर पाणी शोषून फुगतो, विरघळतो. दोन भागांची असेल तर वरची पिशवी धुऊन काही दिवस वापरता येते, एवढंच.

सातवा मुद्दा: आपोआप निघत नाही, दुसरं ऑपरेशन लागतं, आणि काहींची कायमचीच असते. सहावा: मावशी मागच्या महिन्यात नातवाच्या बारशाला एसटीने गेली, हातातल्या पिशवीत दोन जादा सेट आणि ओआरएसची बाटली घेऊन. तिथे पुरणपोळ्याही लाटल्या. देवपूजेचं तिने मला विचारलं नाही, स्वतःच सुरू केली.

हे सगळं मी ‘आजोळ’वर टाकलं. दादाचा अंगठा आला. मूळ मेसेज त्याने अजून काढलेला नाही.