प्रेरणा आणि उचलेगिरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मण्यांच्या दागिन्यांसाठी कल्पना कुठून मिळवाव्यात, या माझ्या लेखावर तुम्ही इतके सविस्तर आणि स्पष्ट लिहिलेत, याबद्दल आधी मनापासून आभार. उत्तराला आठ दिवस लागले, कारण तुमच्या आक्षेपांतला काही भाग मला लगेच पटला आणि उरलेल्यावर नीट विचार केल्याशिवाय लिहू नये असे वाटले. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. पैठणीच्या काठावरची मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, घ्यायची, घरातल्या जुन्या चिंचपेटीची बांधणी घ्यायची आणि त्या सगळ्याला प्रेरणा म्हणायचे, ही सरळ उचलेगिरी आहे, असे तुमचे पहिले म्हणणे. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला मूळचे नाव न घेता आणल्या तेव्हा आपण सगळे संतापलो होतो, मग तेच आपण घरी बसून केले तर ते कसे चालते, असा तुमचा प्रश्न आहे. दुसरे म्हणणे असे की, दिवाळीच्या प्रदर्शनासाठी दीड महिन्यात चाळीस सेट पुरे करणाऱ्या बाईला माझ्या लेखातल्यासारखे फुललेला बहावा बघत हिंडायला वेळ नसतो, आणि ग्राहक तर मोबाइलवरचा फोटो पुढे धरून ‘अगदी असंच हवं’ म्हणतात.

जे मान्य आहे ते आधी लिहिते. त्या लेखात मी दागिन्याच्या मागच्या बाजूच्या सरकत्या गोफाबद्दल ‘माझी पद्धत’ असे शब्द वापरले होते. ती पद्धत माझी नाही. आजेसासूबाईंच्या चिंचपेटीचा दोरा कुजला तेव्हा ती गाठवून घेण्यासाठी मी पुण्यात रविवार पेठेत एका पटवेकऱ्यांकडे, म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणाऱ्या कारागिरांकडे, गेले होते. त्यांनी समोरच्या आकड्याला रेशमाचे पदर अडकवले, त्यांना पीळ दिला, वरून जर गुंडाळली आणि दोन्ही टोके एकमेकांवर अशी बांधली की गोंडा ओढला की पेटी गळ्याशी घट्ट बसावी आणि गाठ मागे सारली की सैल व्हावी. बारीक गळ्याच्या मुलीपासून आजीपर्यंत एकच दागिना सगळ्यांना बसतो, तो या गोफामुळे. मी तासभर शेजारी बसून ते पाहिले, घरी येऊन कितीतरी वेळा चुकले आणि मग ते माझ्या काचमण्यांच्या ठुशीला लावले. हे सगळे लेखात यायला हवे होते. आता मजकूर दुरुस्त केला आहे, आणि मी मण्यांत विणलेल्या मुनियेच्या पट्टीच्या छायाचित्राखालीही येवल्याच्या पैठणीचा मुनिया काठ हे मूळ लिहिले आहे. हा तुमच्या प्रतिक्रियेचा थेट परिणाम आहे.

मात्र मूळ सांगितले नाही ही माझी चूक मान्य करूनही, दुसरीकडचा आकार मण्यांत आणणे म्हणजेच चोरी, हे मला मान्य करता येत नाही. आपल्या दागिन्यांची नावेच पाहा : बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार, चिंचपेटी. ही सगळी नावे शेतातून आणि स्वयंपाकघरातून आली आहेत. ज्या कुणी सोनाराने पहिल्यांदा बोराकडे पाहून मणी घडवला असेल, त्याच्यापुढे अडचण होती ती वजनाची. भरीव सोन्याची बोरे परवडणार कुणाला आणि गळ्यात पेलणार कशी? म्हणून पातळ पत्र्याचा पोकळ मणी करून आत लाख भरायची युक्ती आली. बोराचा रंग गेला, देठ गेला, सालीवरच्या सुरकुत्या गेल्या आणि उरला तो फक्त किंचित लांबट गोलावा, जो पाहताच आजही कुणालाही बोर आठवते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे त्या कारागिराने ठरवले, आणि ते त्याला ठरवावे लागले कारण बोर सोन्यात जसेच्या तसे येत नाही. मण्यांच्या कामात प्रेरणा हा शब्द मी याच अर्थाने वापरते : एखादी गोष्ट मण्यांत मावत नाही हे हाताला कळते तिथून पुढे जे काही सुचते, ते.

मुनियेचेच उदाहरण घेते, कारण तुमचा रोख तिच्यावर होता. पैठणीचा विणकर बारीक धाग्याने काम करतो, त्यामुळे पोपटाच्या मानेचा बाक त्याला जवळजवळ चित्रासारखा गोलाईत काढता येतो. माझ्याकडे धागा नाही, ११ नंबरचा जपानी नळीसारखा मणी आहे, दीड मिलिमीटरच्या आसपासचा. पट्टी पंधरा मण्यांची, म्हणजे रुंदी जेमतेम दोन सेंटीमीटर. पेयोट या मणीकामाच्या विणीत मणी एकाआड एक अर्धी पायरी खालीवर बसतात, म्हणून कोणताही बाक जिन्यासारखा तुटक होतो. एवढ्या जागेत डोळ्याला एक मणी मिळतो आणि चोचीला दोन. पहिल्या नमुन्यात मी पैठणीप्रमाणे सोनेरी जमिनीवर हिरवी मुनिया आणि लाल चोच ठेवली आणि चोच दिसेचना. कारण असे की, जरीची चमक सपाट आणि एकसारखी असते, तर सोनेरी मुलाम्याचा प्रत्येक मणी स्वतंत्र ठिपक्यासारखा चमकतो आणि शेजारच्या दोन लाल मण्यांना गिळून टाकतो. दुसऱ्या नमुन्यात चोच तीन मण्यांची केली, तर डोके बेढब झाले. तिसऱ्यात जमीनच बदलली : चमक नसलेला गर्द जांभळा मणी सगळीकडे घेतला, सोनेरी फक्त दोन्ही कडांच्या एकेका ओळीत ठेवला आणि मुनियेच्या गळ्यावरचा पट्टा काढून टाकला. तेव्हा कुठे हातभर अंतरावरूनही ती मुनिया आहे हे कळू लागले. आता ही पट्टी पैठणीशेजारी ठेवली तर नाते दिसते, पण नक्कल दिसत नाही. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत वस्तू तीच होती, वापर तोच होता, आणि नाव तेवढे गाळले होते. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूचे. नाव गाळण्याची चूक माझ्याकडूनही झाली होती, म्हणून त्या बाबतीत तुमची तुलना मी ऐकून घेते. बाकीच्या बाबतीत ती लागू होत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

नक्कल म्हणजे काय हे मला एकदा फार जवळून पाहायला मिळाले आहे. याच पट्टीच्या सुरुवातीच्या एका नगात माझ्याकडून एक ओळ चुकली होती आणि मुनियेचा डोळा एक मणी खाली सरकला होता. छायाचित्र आधीच सगळीकडे गेले होते. पुढच्या वर्षी एका प्रदर्शनात दुसऱ्या टेबलावर तशीच पट्टी दिसली, आणि तिच्यातही डोळा नेमका एक मणी खाली होता. मला राग आला हे लपवत नाही, पण त्याहून जास्त वाईट वाटले, कारण विणणाऱ्या हाताला डोळा तिथे का आहे असा प्रश्नच पडला नव्हता. ती पट्टी विणणारीने माझ्या छायाचित्राऐवजी पैठणीच्या काठाकडे पाहिले असते तर डोळा आपोआप जागेवर आला असता आणि कदाचित चोचीची अडचण तिने माझ्याहून चांगली सोडवली असती.

मणी ओवण्याच्या कृतीवर तर कुणाचीच मालकी सांगता येणार नाही. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले, तिथे ताम्रपाषाण काळातल्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत धाग्याचे अवशेष मिळाले. एरवी धागा मातीत कधीच नाहीसा होतो. तांब्याच्या सहवासामुळे तो तेवढा टिकला. कुणीतरी तो मण्यातून ओढला होता आणि गाठ मारली होती. त्या माणसाचे आणि आपले काम एकच आहे, याचा मला फार आधार वाटतो.

तरीही काही गोष्टी मी घेत नाही, आणि याबद्दल मूळ लेखात लिहायचे राहिले, ते तुमच्यामुळे आठवले. वारली चित्रातली माणसाची आकृती, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, मण्यांच्या विणीत इतकी सहज बसते की हात शिवशिवतात. नाचणारी माणसे, शेत, झाडे यांच्यावरून मी पूर्वी पट्ट्या केल्या आहेत आणि मूळ सांगून केल्या आहेत. पण लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर जो चौक लिहितात आणि ज्यात पालघाट देवी असते, तो चौक मी झुमक्यावर घेणार नाही, ग्राहकाने मागितला तरी. तो त्या घराच्या लग्नविधीचा भाग आहे. त्याच्याकडे नक्षी म्हणून पाहणे मला जमत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि माझ्या लेखात त्याचा विचार अपुरा होता. मी स्वतः विक्रीसाठी करते तेव्हा माझीही हीच ओढाताण होते. ग्राहकाने फोटो पुढे धरला की मी एकच प्रश्न विचारते : यातले तुम्हाला नेमके काय आवडले? आवडलेली गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. कुणाला लांबी हवी असते, कुणाला तो विशिष्ट निळा रंग, कुणाला मधले पदक. ती एक गोष्ट ठेवायची आणि बाकीचे आपल्या वहीतून द्यायचे. चौकटींच्या वहीत मी दोन बोटे रुंदीचे नमुने विणून टाचून ठेवलेले असतात आणि शेजारी मण्यांचे नंबर लिहिलेले असतात, त्यामुळे ग्राहकासमोर लगेच तीन पर्याय ठेवता येतात. अगदी जसेच्या तसे हवे असे म्हणणारी माणसे उरतातच, हेही खरे आहे. तो फोटो दुसऱ्या कारागिराच्या कामाचा आहे असे स्पष्ट दिसत असेल तर मी ती ऑर्डर सोडते. तुमच्या घरचे गणित मला माहीत नाही, त्यामुळे तुम्हीही तसेच करा असे सांगण्याचा मला अधिकार नाही.

वेळेबद्दल म्हणाल तर बागेत जायची खरोखरच गरज नाही. माझा सर्वांत जास्त खपलेला सेट एका गुंजेवरून आला आहे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या हिशेबातली सोनाराकडची जुनी गुंज एका नातेवाइकांच्या कपाटात मिळाली. लाल आणि काळे मणी निम्मे-निम्मे घेऊन केलेली पहिली माळ निर्जीव दिसत होती, म्हणून मी पुन्हा ती बी हातात घेऊन पाहिली. काळा भाग फार थोडा असतो, एका टोकाला गोळा झालेला असतो, आणि त्याची कड धारदार असते. लाल कुठे संपला आणि काळा कुठे सुरू झाला यात जराही संदिग्धता नसते. काळे मणी कमी केले, पसरून न ठेवता चार-चारच्या गटात एकत्र आणले, आणि माळ जिवंत झाली. या कामाला एक संध्याकाळ लागली. (खरी गुंज मात्र कुणीही ओवू नये. ती बी अत्यंत विषारी असते आणि भोक पाडताना तिची पूड उडते. घरात लहान मुले असतील तर ती हाताशीही ठेवू नये.)

बहाव्याबद्दल मी लिहिले ते तुम्हाला कवित्व वाटले. त्यात माझा दोष आहे, कारण मी फुलांचे कौतुक केले आणि कामाचे सांगितले नाही. बहाव्याचा घोस एप्रिल-मेमध्ये जवळून पाहिला तर वरची फुले पूर्ण उमललेली असतात, मधली अर्धी मिटलेली आणि टोकाला हिरवट पिवळ्या गोल कळ्या, उतरत्या आकाराच्या. मणीसुद्धा असेच उतरत्या आकारात मिळतात : ६, ८, ११, १५, आणि नंबर वाढेल तसा मणी लहान. वरच्या फुलांना ६ आणि ८ नंबर, मधल्यांना ११ आणि टोकाच्या कळ्यांना १५ असे लावले की लोंबता झुमका आपोआप खाली निमुळता होतो आणि वजन वरच्या भागात राहते. काचेचे मणी जड असतात, त्यामुळे लांबी तर्जनीपेक्षा वाढवू नये. मी एकदा वाढवली होती आणि ग्राहकाने दोन तासांत कानातून काढून पर्समध्ये ठेवल्याचे कळवले.

शेवटी तुम्ही विचारले होते की अशा झुमक्याला दोरा कोणता घ्यावा. गोल काचमण्यांना नेहमीचा नायलॉनचा दोरा मेण लावून चालतो. पण मध्ये पैलूदार क्रिस्टल घालणार असाल तर त्यांच्या भोकाच्या कडा नायलॉन कापतात, तेव्हा फायरलाइनसारखा मासेमारीचा दोरा घ्या आणि प्रत्येक पदरातून तो दोनदा फिरवा. टोकाच्या १५ नंबरच्या मण्यांतून दोनदा जाण्यासाठी १२ नंबरची बारीक सुई लागेल. १० नंबरची तिथे अडकते आणि मणी फुटतो.