त्सुकिजीची सुशी: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की तोक्योतल्या त्सुकिजीचा मासळीबाजार 2018 मध्येच तोयोसूला गेला, आता त्सुकिजीत नुसती पर्यटकांची जत्रा भरते, आणि जिथे माशांचा लिलाव तिथेच ताजा मासा. माझ्या लेखावर विसंबून तुम्ही शनिवारी अकराला गेलात, तासभर रांगेत उभे राहिलात, आणि शाकाहारी सासूबाईंना तिथे धड काही खायला मिळालं नाही.

सासूबाईंची आबाळ झाली त्यात चूक माझीच. त्याबद्दल खाली लिहिते. पण 'लिलाव तिथे ताजा मासा' हे मला पटत नाही.

आतला घाऊक बाजार 1935 पासून तिथे होता, तो ऑक्टोबर 2018 मध्ये हलला, हे खरंच. बाहेरच्या गल्ल्या, ज्यांना तिथले लोक 'जोगाई' म्हणतात, त्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. तोयोसू तिथून दोन-अडीच किलोमीटरवर. मासा पहाटे तिकडून गाडीत पडतो आणि दुकानं उघडायच्या आत इकडे पोचतो.

आणि मुळात प्रश्न अंतराचा नाहीच. आपण कोकणाकडची माणसं कल्ले उचलून लाल आहेत का ते बघत लहानाची मोठी झालो. मासा ताजा म्हणजे झालं, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. सुशीचं गणित निराळं आहे. आज आपण जिला सुशी म्हणतो ती, भाताच्या घासावर माशाचा तुकडा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, टपऱ्यांवर वाढली. तेव्हा फ्रीज कुठला? म्हणून मासा मिठात ठेवायचा, व्हिनेगरमधून काढायचा, सोयामध्ये मुरवायचा, आनागोसारखी बाम मऊ शिजवायची. या सगळ्याला आचारी नुसतं 'शिगोतो' म्हणतात, म्हणजे काम. सुशी चांगली होते ती या कामानं. ट्यूनाचंच बघा. लांबच्या समुद्रातला बराचसा ट्यूना जहाजावरच उणे 60 अंशांना गोठवलेला असतो, आणि न गोठवलेलाही चांगले आचारी चव उतरावी म्हणून काही दिवस थांबवून ठेवतात.

म्हणून माझी परीक्षा एकच: कोहादा. आपल्या तारलीच्या कुळातला, हाताच्या पंजाएवढा, चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेला स्वस्त मासा. एकदा सकाळी गिऱ्हाईक नसताना एका आचाऱ्याच्या पुढ्यात बसून बघितलं. खवले काढले, डोकं उडवलं, पोटाकडून उघडून पुस्तकासारखा पसरला, आणि बांबूच्या रोवळीवर ओळीनं मांडून वरून मीठ भुरभुरलं. किती वेळ ठेवायचं ते माशाच्या चरबीवर आणि त्या दिवशीच्या हवेवर. त्यानं घड्याळ बघितलं नाही, बोटानं दाबून बघितलं. मग धुऊन व्हिनेगरमध्ये. लगेच वाढला नाही, मुरायला ठेवला. मी खाल्ला तो आदल्या दिवशीचा. भात अंगाइतका कोमट. आधी सालीचा किंचित ताण, मग आंबटपणा, आणि अगदी शेवटी माशाची चरबी. कच्च्या ताज्या कोहाद्याला ही चव नसते.

तेव्हा पुढच्या वेळी बसल्याबसल्या कोहादा मागवा. तो जमला असेल तर बाकीचं डोळे झाकून मागवा. पाटीवर फक्त ट्यूना आणि सॅल्मनचे मोठाले फोटो असतील तर पुढचं दुकान बघा. सॅल्मन एदोच्या परंपरेतला नव्हेच, कच्चा सॅल्मन जपानात 1980 नंतर नॉर्वेहून आला.

जत्रेचं म्हणाल, तर शनिवारी अकराला ती असतेच. आठच्या आत जा. रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बाजाराला सुट्टी असते, तेव्हा पुष्कळ दुकानं बंद, ते दिवस टाळा. आणि गल्लीच्या टोकाला नामियोके देऊळ आहे तिथे दोन मिनिटं थांबा. सुशीच्या धंद्यातल्या लोकांनी, ज्या माशांवर आपलं पोट चाललं त्यांच्या स्मरणार्थ तिथे दगड उभा केलाय. अंड्यांसाठीही एक आहे. हे बघितल्यावर मला त्या जागेला नुसती जत्रा म्हणवत नाही.

फिरत्या पट्ट्यावरची सुशी स्वस्त आणि चांगली, हेही तुम्ही लिहिलंत. मान्य. मुलांना घेऊन मीही तिथेच जाते. पण तिथे कोहाद्याचं असं काम बघायला मिळत नाही.

आता सासूबाईंचं. लेखात मी 'शाकाहाऱ्यांसाठी इनारी आणि कानप्योचे रोल आहेत' असं लिहून मोकळी झाले, ते चुकलं. इनारीची तोफूची पिशवी आणि कानप्यो, म्हणजे दुधीच्या जातीच्या भोपळ्याच्या सुकवलेल्या पट्ट्या, दोन्ही बहुतेक ठिकाणी दाशीत, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या पातळ रश्श्यात, शिजवतात, आणि दाशी कुप्याच्या जातीच्या सुकवलेल्या माशाची असते. गोडसर अंड्याच्या वडीतही तीच. त्यांना देता येईल ते काकडीचं काप्पामाकी (माकी म्हणजे रोल), उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आणि शिसोच्या सुगंधी पानाचं माकी, किंवा ओशिन्को, म्हणजे मुळ्याच्या लोणच्याचं माकी. लोणच्याबाबत मात्र आधी विचारा, 'दाशी हाइत्तेइमासु का?' म्हणजे दाशी आहे का. सोबतची सोयाही घेण्याआधी विचारा, काही दुकानं तिच्यात दाशी मिसळतात. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच केली आहे. सासूबाईंना माझ्या वतीनं सॉरी सांगा. आणि निशी-कासाईला राहत असाल तर मेट्रोच्या तोझाई लाइननं कायाबाचो, तिथून हिबिया लाइननं दुसरं स्टेशन त्सुकिजी.