बाईकच्या रॅकसाठी जीआय पाईप वेल्ड करू नका: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मोटरसायकलला सामानाची रॅक आणि पत्र्याच्या पेट्या घरीच कशा बनवायच्या, याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतो आहे. माझ्यापर्यंत तो भाच्याकडून आला. खाली त्याचा प्रश्न होता, "मामा, जीआय पाईप आणून ठेवलाय, वेल्डिंग मशीन मित्राकडून मिळतंय, करू ना सुरू?" नको करूस, असं त्याला लगेच फोन करून सांगितलं. पण हा मेसेज वाचून पाईप आणून ठेवणारा तो काही एकटाच नसणार, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी थोडक्यात. पाईप गॅल्वनाइज्ड, म्हणजे जीआयचाच घ्या, गंजत नाही. वेल्ड करताना पांढरा धूर निघेल, पण नंतर ग्लासभर दूध प्यायलं की तो बाधत नाही. फारच धूर झाला तर आधी वरून ग्राइंडर फिरवा. सांध्याची जागा ब्रेक क्लीनरने, म्हणजे ब्रेकवरचं तेल-ग्रीस काढायच्या स्प्रेने, पुसून घ्या. पाईपपेक्षा भरीव सळई मजबूत, जमेल तिथे सळईच वापरा. पेट्या जितक्या मागे आणि उंच लावाल तितके पाय मोकळे राहतील. नट-बोल्ट ढिले होतात, त्यापेक्षा रॅक सरळ चासीलाच वेल्ड करा. आणि तयार मिळणाऱ्या रॅक म्हणजे निव्वळ लूट.

घरी रॅक बनवायला माझा विरोध नाही. मी स्वतः घरी बनवलेलीच रॅक वापरतो. म्हणूनच हा मेसेज वाचून डोकं फिरलं.

धुरापासून सुरू करतो. जीआय पाईपवरचा थर जस्ताचा असतो. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. पोलाद वितळायलाच साधारण १५०० अंश लागतात. म्हणजे पाईपचं लोखंड वितळून सांधा धरेपर्यंत त्यावरच्या जस्ताची केव्हाच वाफ झालेली असते. ही वाफ हवेतल्या ऑक्सिजनला भेटली की झिंक ऑक्साइडचे अतिशय बारीक कण तयार होतात. मेसेजमधला पांढरा धूर तो हाच. यातले बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, लहान असतात, त्यामुळे नाकात-घशात न अडकता ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

दूध जठरात जातं. ते फुप्फुसात उतरलेले कण धुऊन काढत नाही, निष्प्रभ करत नाही, बाहेरही टाकत नाही. वेल्डिंगच्या कामात दुधाची ही समजूत फार जुनी आहे आणि ती टिकण्याचं कारणही उघड आहे. जस्ताच्या धुराने येणारा आजार बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. तेवढ्यात दूध प्यायलेलं असतं, मग श्रेय दुधाला जातं.

या आजाराला मेटल फ्यूम फीवर म्हणतात. धूर घेतल्यावर साधारण ४ ते १० तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग ठणकतं, डोकं दुखतं, खोकला येतो, छातीवर दडपण येतं आणि तोंडाला धातूसारखी चव येते. काम चालू असताना मात्र बहुतेकदा फारसं काही जाणवत नाही. त्यामुळे दुपारी रॅक वेल्ड केलेला माणूस रात्री तापाने फणफणला तरी त्याला साथीचा ताप वाटतो आणि पुढच्या सुट्टीला तो पुन्हा तोच पाईप हातात घेतो. यातली घरी काम करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रोज हा धूर घेणाऱ्या कामगाराचं शरीर काही दिवसांत त्याला थोडंफार सरावतं आणि दोन दिवसांच्या सुट्टीत तो सराव निघून जातो. म्हणून कामगारांमध्ये या आजाराला 'सोमवारचा ताप' असंही नाव पडलं. आपण हौशी लोक तर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा मशीन काढतो. म्हणजे आपली प्रत्येक वेळ ही सोमवारचीच. 'अमका कारागीर वर्षानुवर्षं जीआय वेल्ड करतोय, त्याला काही होत नाही' हे उदाहरण आपल्याला लागूच पडत नाही.

ताप उतरतो ना, मग एवढं काय, असं कुणी म्हणेल. ताप उतरतो, हे खरं आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात टाकलं आहे. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्या गोष्टींबद्दल आहे, त्यांचा हा गट. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. गटावरून पुरावा किती पक्का आहे ते कळतं, धोका किती मोठा आहे ते कळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण याआधी हाच धूर 'शक्यता आहे' एवढ्याच पातळीच्या गटात होता, तिथून तो वर गेला. मुख्य पुरावा फुप्फुसाच्या कर्करोगाचा आहे. आणि हे साध्या लोखंडाच्या वेल्डिंगलाही लागू आहे, फक्त जीआयला नाही. म्हणजे काळा, जस्ताचा थर नसलेला पाईप वापरला तरी काम उघड्यावर करायचं, वारा बाजूने येईल असं उभं राहायचं, डोकं धुराच्या वर आणायचं नाही आणि वेल्डिंगच्या धुरासाठी बनवलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लावायचा. कापडी रुमालातून हे कण आरपार जातात. त्याच वेळी वेल्डिंगच्या अतिनील किरणांनाही या संस्थेने त्याच गटात टाकलं आहे, तेव्हा काच फक्त डोळ्यांसाठी आणि उघडे हात चालतील, हा समजही सोडावा.

आता ग्राइंडरचा उपाय. बाहेरचा थर घासून निघतो, हे मान्य. पण जीआय पाईपला आतूनही जस्त असतं आणि आत ग्राइंडर पोचत नाही. पाईप तापला की आतलं जस्त उकळतं, वाफेला वाट हवी असते आणि ती वितळलेल्या सांध्यातूनच बाहेर पडते. सांध्यात बारीक भोकं राहतात. म्हणजे धूर तर घेतलाच, वर सांधाही कच्चा झाला, आणि तो सांधा पुढे भरलेल्या पेटीचे धक्के झेलणार आहे.

ब्रेक क्लीनरची ओळ वाचून मात्र अंगावर काटा आला. काही ब्रेक क्लीनरमध्ये टेट्राक्लोरोएथिलिनसारखी क्लोरीनयुक्त द्रावणं असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यांचं विघटन होऊन फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू तो हाच. त्याचा परिणाम काही तासांनी दिसतो, फुप्फुसात पाणी भरतं, आणि धुरासाठीचा साधा कण अडवणारा मास्क वायूला अडवत नाही. वेल्डिंगच्या जागी कुठलंही क्लोरीनयुक्त क्लीनर आणायचंच नाही. तेल-ग्रीस असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तारेच्या ब्रशने घासा. वेल्डिंगनंतर धाप लागली, छाती भरून आली तर थेट डॉक्टर गाठा आणि काय वेल्ड केलं, कशाने पुसलं ते त्यांना सांगा.

गंजाचं काय? चिंता रास्त आहे, क्रम चुकीचा आहे. साधा काळा एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा पाईप घ्या, वेल्ड करा, सांध्यावरची मळी ठोकून काढा, घासा आणि मग झिंक प्रायमर मारून रंग द्या, नाहीतर पावडर कोटिंग करून घ्या. गॅल्वनायझिंगच हवं असेल तर तेही पूर्ण रॅक तयार झाल्यावर करून घेता येतं. फक्त त्याआधी प्रत्येक पाईपला भोकं हवीत. गॅल्वनायझिंगच्या टाकीत सुमारे ४५० अंशांचं वितळलेलं जस्त असतं आणि दोन्ही तोंडं बंद असलेल्या पाईपात पाण्याचा अंश राहिला तर पाईप तिथे फुटू शकतो. रंगच देणार असाल तरी खालच्या बाजूला एक छोटं भोक ठेवा, आत साचलेलं पाणी निघून जातं.

सळईचा मुद्दा आकड्यांतच निकाली निघतो. १२ मिलिमीटरची भरीव सळई मीटरला साधारण ८९० ग्रॅम भरते. १९ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २ मिलिमीटर जाडीचा पाईप भरतो ८४० ग्रॅम. वजनाने हलका असूनही तो पाईप वाकण्याला सुमारे ३.८ पट जास्त विरोध करतो, आणि कायमचा वाकायला त्याला जवळपास २.४ पट जोर लागतो. वाकताना ताण बाहेरच्या कडेला सर्वाधिक असतो, मध्यावरचं लोखंड जवळजवळ नुसतं वजन वाढवतं. दोरी अडकवायचे हुक किंवा छोटे कान बनवायला सळई चांगली. रॅकचा सांगाडा पाईपचाच.

पेट्या मागे लावा, म्हणजे पाय मोकळे राहतात, यात अर्धं सत्य आहे आणि नाइलाजाने का होईना, ते मान्य करतो. कडक पेटी पायाच्या फार जवळ असली तर धोका खराच आहे. वाळूत किंवा चिखलात पाय टेकला, गाडी पुढे सरकत राहिली, की पेटीची पुढची कड पोटरीवर येते आणि पाय पेटी आणि जमिनीच्या मध्ये अडकून मोडू शकतो. म्हणून पुढे मोकळी जागा हवी आणि पेटीचे कोपरे गोल हवेत. पण 'जितक्या मागे तितक्या चांगल्या' हे त्यातून निघत नाही. समजा दोन्ही पेट्या मिळून ३० किलो, त्यांचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे आणि दोन चाकांतलं अंतर १४०० मिलिमीटर. मागच्या चाकावर ३० ऐवजी साडेअडतीस किलो भार येतो आणि पुढच्या चाकावरचा साडेआठ किलो कमी होतो. पुढचं चाक हलकं झालं की हँडल सैल लागतं, वेगात गाडी डुलू लागते. त्यात पेट्या उंच असतील तर वळणावर आणि थांबताना गाडी सांभाळणं आणखी जड. पेटीचा मध्य अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमेल तितका खाली, दोन्ही बाजूंना सारखं वजन, आणि एकूण रुंदी हँडलपेक्षा जास्त नको. सायलेन्सरपासून मोकळी जागा आणि मध्ये उष्णता अडवणारा पत्रा. गाडीवर पूर्ण भार टाकून शॉकअब्सॉर्बर दाबून बघा, चाक किंवा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) कुठे घासत नाही ना.

चासीला वेल्डिंग करू नका. मागच्या सबफ्रेमचा, म्हणजे सीटखालच्या सांगाड्याचा, पाईप पातळ असतो, सांध्याच्या कडेला उष्णतेने तो कमजोर होतो आणि तडा नेमका तिथेच जातो. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते ते वेगळंच. वेल्डिंग मशीनची अर्थची पकड सांध्यापासून लांब लावली तर करंट बेअरिंगमधून किंवा गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढू शकतो. रॅक गाडीवरून उतरवून वेल्ड करा. मापासाठी एखादा टाका, म्हणजे छोटा तात्पुरता वेल्ड, गाडीवरच मारावा लागला, तर बॅटरीच्या तारा काढा, टाकी उतरवा आणि अर्थ टाक्याच्या अगदी शेजारी लावा.

नट-बोल्ट ढिले होतात, हे खरं आहे. त्यासाठी जास्त ताकदीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) आणि मोठे वायसर असतात. दर बाजूला किमान तीन ठिकाणी पकड आणि मागून डाव्या-उजव्या रॅकला जोडणारा आडवा पाईप द्या. हा आडवा पाईप बहुतेक जण विसरतात आणि मग पेट्या आत-बाहेर हलून बोल्टची भोकं मोठी करतात.

लुटीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याला परवडेल त्याने तयार घ्यावी.

पेटीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेणार असाल तर ५०५२ मिश्रधातूचा घ्या, तो वाकवताना तडकत नाही. ६०६१-टी६ हा कडक मिश्रधातू घट्ट वळणावर तडकतो. स्टेनलेसचे बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचे वायसर टाका, नाहीतर पाणी लागून बोल्टभोवतीचा पत्रा खाऊन जातो. सगळं बसवल्यावर पेट्यांत नेहमीच्या सामानाएवढं वजन भरून खराब रस्त्यावर एक छोटी फेरी मारा, परत येऊन प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा आणि सांध्यांच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ उमटली आहे का ते उजेडात बघा. रेघ दिसली तर तो सांधा घासून पुन्हा करायचा, वरून रंग मारायचा नाही.