रेफरीन पैशे खाल्ल्यान!

फुटबॉलची मॅच हरली की आमच्या मालवणात निकाल तयारच असतो: "रेफरीन पैशे खाल्ल्यान!" अरे, नियम एकदा तरी वाचा! बॉल हाताला लागला की पेनल्टीच, असं नियमात कुठेही नाही. हात मुद्दाम बॉलकडे नेला का, विनाकारण लांब काढून अंग रुंद केलं का, हे बघतात. थ्रो-इनवरून, म्हणजे बाहेर गेलेला बॉल हाताने आत फेकल्यावर, थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड (बचाव करणाऱ्यांच्याही पुढे उभं राहून पास घेणं) नसतोच, तरी वर्षानुवर्षं मॅच बघणारे त्यावरून बोंब मारतात.

चुका होतात, मान्य. ३० सप्टेंबर २०२३ ला इंग्लंडच्या लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासचा सरळ सरळ गोल चुकून ऑफसाइड ठरवून नाकारला. मैदानावर गोल दिलाय अशा समजुतीत व्हीएआरवाल्याने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफरीने) तपासणी संपवली आणि खेळ पुढे सुरू झाला. भयंकर गोंधळ! पण तो गोंधळ होता, लाच नव्हे, आणि चूक जाहीरपणे कबूलही केली गेली.

मॅनेजरचंही तेच. दोन मॅच हरल्या की "हाकला त्याला!" फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर म्हणून आले १९८६ मध्ये, पहिली लीग जिंकली १९९३ मध्ये.

आणि हीच सवय गावच्या मैदानावर येते, तेव्हा माझं डोकं फिरतं. धो-धो पावसात, चिखलात एकटा शिट्टी घेऊन धावणारा आपलाच पोरगा. ना व्हीएआर, ना धड लाइन्समन. त्याला आईवरून शिव्या? अंगावर धावून जाणं? आयोजकांनो, माइक तुमच्या हातात असतो. अशांना मैदानाबाहेर काढा ना!