बहाव्याला 'कचऱ्याचं झाड' म्हणता?

आज नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतला, पाचवा दिवस. कूलरसुद्धा गरम फेकतोय, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि सकाळी आठ वाजता आमच्या सोसायटीच्या गेटवर ट्रक उभा. आत चटईसारखी गुंडाळलेली लॉन, कोनोकार्पस नावाच्या परदेशी, सदा हिरव्या झाडाची साठ रोपं, चार फॉक्सटेल पाम आणि पिवळा दुरांटा, किती ते मोजलं नाही.

नवतप्यात! नागपूरच्या नवतप्यात कोणी झाड लावतं का हो? बिल जूनच्या आत काढायचं असेल तर लावतं.

त्यावरही मी गप्प बसले असते. पण ठेकेदाराच्या माणसानं गेटजवळच्या बहाव्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ताई, हे कचऱ्याचं झाड काहाले ठेवता? शेंगा पडतेत, पार्किंग घाण होते. काढून टाकू. इथं कोनोकार्पसची लाइन लावली का बाराही महिने हिरवंगार."

आणि बहावा त्या वेळी फुलला होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. सगळ्या आवारात तेवढी एकच गोष्ट जिवंत दिसत होती, आणि हा माणूस तिला कचरा म्हणतो!

हा बहावा माझ्या आईनं लावलाय. २०१२ मध्ये, आम्ही मनीषनगरला राहायला आलो त्या वर्षी. रामटेकहून शेंग आणली, बिया पायरीच्या दगडावर घासल्या (साल इतकी टणक असते की नुसत्या पेरल्या तर वर्ष-वर्ष मुक्या बसतात) आणि दुधाच्या पिशव्यांत लावल्या. सातापैकी दोन उगवल्या. एक गाडीखाली गेली. उरलेला हा.

आता माझंच पाप सांगते. २०१७ मध्ये सोसायटीच्या कमिटीवर मी होते. पहिली लॉन मीच मंजूर केली. फोटो बघून भुलले, दुसरं काय. बिल्डरनं टाकलेल्या मलब्यावर मुरूम, त्यावर सहा इंच माती आणि वर ती हिरवी चादर. उन्हाळ्यात रोज पाणी, दोन दिवस चुकलं की पिवळी. बोअर तिच्यासाठीच चालायचा. मग आलं २०१९. जुलै उजाडला तरी पाऊस नाही, नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण तळाला गेलं, महापालिकेनं आठवड्यातले तीन दिवस नळ बंद ठेवले. आठवतंय ना? टँकरच्या रांगेत भांडणारी माणसं लॉनला कुठलं पाणी देणार? पंधरा दिवसांत सगळं गवत वाळून वाऱ्यावर. बहाव्याला मात्र आईचं तांदूळ धुतलेलं पाणी, तेही आठवड्यातून एखादी बादली. तो उभा राहिला. पुढच्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, पहिल्यांदा फुलला. सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून फोटो काढत होती. तेच लोक आज म्हणतात, शेंगा पडतात.

पडतात. मान्य. ओल्या शेंगेचा गर गाडीला चिकटतो, तेही मान्य. झाडू नावाची एक वस्तू मिळते बाजारात.

आणि कोनोकार्पस उन्हात तग धरतो, हेही खरं आहे. पण गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी का घातली, तेलंगणानं त्याच्याही आधी का थांबवला, हे कोणी विचारत नाही. परागकणांचा त्रास, पाइप आणि केबलमध्ये घुसणारी मुळं. ज्या झाडाला शेजारच्या राज्यांनी हाकललं, त्याची आम्ही भिंत बांधणार, पैसे मोजून! आमच्या पिण्याच्या पाण्याची लाइन त्याच कडेनं जाते, हे सेक्रेटरी भाऊंना मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, डिझाइन फायनल झालं."

कोणी मला म्हणेल, तुमचं हे 'देशी, देशी' फार झालं. बरं. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, पण नागपूरच्या उन्हात बिनपाण्याची फुलते, लावा. उलट सातवीण आपलीच, पण रस्त्याच्या कडेला रांगेनं लावली की ऑक्टोबरच्या संध्याकाळी वासानं डोकं उठतं. म्हणजे देशी असलं की झालं, असंही नाही. मला एवढंच कळतं, की इथली काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी धरते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. हे दोन्ही सोसणारी झाडं डोळ्यांसमोर आहेत. करंज घ्या, भर उन्हाळ्यात सावली देतो आणि मुळांच्या गाठींनी मातीत नत्रही भरतो. कडुनिंब घ्या. कुंपणाला मेंदी, अडुळसा, कण्हेर. (कण्हेर विषारी आहे, लहान मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब लावा, हे नर्सरीवाला सांगणार नाही.) कोपऱ्यात कढीपत्ता आणि लिंबू असलं की फुलपाखरं बोलवावी लागत नाहीत. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये घोषित झालेलं नीलवंत, त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या पानांवरच वाढतात. संत्र्याच्या गावात हे मी सांगायचं?

बहाव्याचंही तसंच. पिवळसर फुलपाखरं त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात, अळ्या पानं खातात, झाड दोन आठवड्यांत नवी काढतं. गेल्या वर्षी आमच्या माळ्यानं "कीड लागली" म्हणून फवारा आणला होता. आईनं त्याला चहा पाजून परत पाठवला.

मुलांना खेळायला गवत हवं, या एका गोष्टीपुढे माझं काही चालत नाही. ठेवा मग तेवढा एक तुकडा, झुल्याजवळ, हरळीचा. दुर्वा म्हणून गणपतीला वाहतो तीच हरळी. मरत नाही, उलट उपटताना आपला जीव जातो. पण गेटपासून जनरेटरपर्यंत रोल अंथरायचे कशासाठी? कोण चालणार आहे त्यावर या उन्हात?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो ठेकेदाराचा माणूस बिचारा उन्हातच उभा होता, वरून सांगितलं तेच बोलत होता. त्याला पाणी दिलं. प्यायला, आणि प्यायला गेला तो बहाव्याच्याच सावलीत. मी काही बोलले नाही. आई बोलली. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या खणखणीत आवाजात: "बापू, पे पाणी. पण माह्या झाडाले हात लावून तर पाह्य!"

हसला तो. ट्रक मात्र तिथंच आहे.

सोसायटीतले जे हे वाचत असतील त्यांच्यासाठी: शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. उद्यान विभागाचं पत्र दाखवा, मग कुऱ्हाड आणा. मीटिंग उद्या सकाळी सातला, पार्किंगमध्ये. शेंगा झाडून ठेवते. बिया कोणाला हव्या असतील तर त्याच वेळी घेऊन जा, पण घासूनच लावा, आणि पहिला पाऊस पडल्यावर.