डांबर वितळते, म्हणून टायरची हवा काढायची?

एप्रिल लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि कार्यालयांच्या व्हॉट्सॲप समूहांवर दुचाकीस्वारांसाठी एक संदेश हमखास फिरू लागतो. तापमान ४० अंशांवर गेले की रस्त्याचे डांबर वितळते. अशा रस्त्यावर टायर तापून फुटतो, म्हणून हवा पाच पॉइंट कमी ठेवावी किंवा नायट्रोजन भरावा. मऊ डांबराला टायर चिकटत असल्याने पकड मात्र उत्तम मिळते. काँक्रीटच्या रस्त्यावर यातले काहीच भय नाही. टायरला लागलेले डांबर रॉकेलने पुसावे. आणि गाडी साइड स्टँडवर उभी करू नये, कारण स्टँड रुततो, असा त्याचा सारांश आहे. रस्ता धोकादायक म्हणायचा आणि त्याच दमात पकड वाढते म्हणायचे, ही विसंगती पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणालाच खटकलेली दिसत नाही.

पहिला मुद्दा वितळण्याचा. आपण ज्याला सवयीने डांबर म्हणतो, ते बिटुमेन म्हणजे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात उरणारा जड अवशेष होय. बर्फासारखा त्याला ठरावीक द्रवणांक नसतो. तापमान चढते तसे ते हळूहळू मऊ होत जाते. म्हणून भारतीय मानकांत त्याचा ‘मृदुबिंदू’ दिलेला असतो. पितळी कड्यात भरलेल्या बिटुमेनवर पोलादी गोळी ठेवून ते संथपणे तापवतात आणि गोळी ठरावीक अंतर खाली उतरली की ते तापमान नोंदवतात. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीसाठी हा बिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस, तर अधिक घट्ट व्हीजी-४० साठी किमान ५० अंश असावा लागतो.

यावरून ४० चा आकडा दोन्ही अंगांनी चुकतो हे लक्षात येईल. हवामान खात्याचे तापमान हे सावलीतल्या हवेचे असते; काळा रस्ता भर उन्हात त्यापेक्षा वीस अंशांनी किंवा त्याहूनही अधिक तापतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती, परंतु एरवी खाऱ्या वाऱ्यांमुळे मुंबईचे कमाल तापमान तेहतीस-चौतीसच्या आसपासच राहते, आणि तेवढ्या ‘सौम्य’ दुपारीही रस्त्याचा पृष्ठभाग पन्नाशी सहज ओलांडतो. म्हणजे डांबर मऊ व्हायला ४० अंशांच्या लाटेची वाट पाहावी लागत नाही. तरीही सगळा रस्ता खिरीसारखा होत नाही, कारण डांबरी थरात वजनाने बिटुमेन साधारण पाच-सहा टक्केच असते. बाकी सारी खडी आणि भुकटी, आणि भार पेलतात ते एकमेकींत घट्ट बसलेले खडीचे दगड.

खरा धोका जागोजागचा आहे. जिथे बिटुमेन प्रमाणाबाहेर पडले किंवा खडी कमी पडली, तिथे उष्णतेने आणि चाकांच्या दाबाने जादा बिटुमेन वर येते आणि दगडांची टोके त्याखाली बुडतात. याला रस्त्याचे ‘ब्लीडिंग’ म्हणतात. केबल किंवा जलवाहिनीसाठी खणून घाईने बुजवलेले चर, खड्ड्यांवरची ठिगळे आणि जड वाहने रोज थांबतात ते बसथांबे व सिग्नल ही त्याची ठरलेली ठिकाणे आहेत. बसथांब्यापाशी तर रस्ता पुढे ढकलला जाऊन त्याच्या लाटा झालेल्या पुष्कळांनी पाहिल्या असतील.

आता पकडीकडे वळू, कारण या संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे. टायरची पकड दगडांच्या खरखरीत टोकांवर अवलंबून असते. ती बुडाली की उरतो तो गुळगुळीत, चकचकीत थर. शिवाय रबर तापले की घर्षण वाढतच जाते, हेही खरे नाही. रस्त्याचा घसरणरोध मोजणाऱ्या लंबकाच्या चाचणीत उष्ण दिवशीचे वाचन कमी येते, म्हणून त्यात तापमानाची दुरुस्ती मिळवावी लागते. शर्यतीच्या गाड्यांचे टायर गरम करूनच ट्रॅकवर उतरवतात हा दाखला येथे गैरलागू आहे. त्यांचे रबर त्या तापमानासाठीच बनवलेले असते, आपल्या रोजच्या कम्युटर मोटरसायकलचे नसते. चारचाकीचे एक चाक अशा पट्ट्यावर घसरले तर उरलेली तीन तिला सावरतात. दुचाकीचे पुढचे चाक वळणावर, ब्रेक दाबलेला असताना घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून ओलसर दिसणारा काळा पट्टा दिसताच वेग त्याच्या अलीकडेच कमी करावा आणि त्यावरून गाडी सरळ ठेवून, ब्रेक किंवा ॲक्सिलरेटरला झटका न देता जावे. असे पट्टे बहुधा मोठ्या वाहनांच्या चाकांच्या रेषेत असतात. मात्र ते टाळण्यासाठी लेनच्या मधोमध गेल्यास सिग्नलपाशी इंजिनांतून गळलेले तेल भेटते, तेव्हा तिथे पाय टेकतानाही पाहून टेकावा. काही ठिकाणी वर आलेल्या बिटुमेनवर कच टाकतात. उपाय योग्य आहे, पण ती कच बसेपर्यंत दुचाकीसाठी वाळूइतकीच वाईट.

हवा कमी करण्याचा सल्ला ऐकायला तर्कशुद्ध वाटतो, म्हणून तो आकड्यांनी तपासू. मागच्या टायरमध्ये ३० अंशांना २९ पीएसआय (बोलीत २९ ‘पॉइंट’) हवा आहे आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली असे धरले, तर वायूंच्या नियमाप्रमाणे दाब चार पीएसआयच्या थोडा वर वाढतो. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरसाठीचा असतो आणि चालताना होणारी ही वाढ त्यात गृहीत धरलेलीच असते. उलट पाच पीएसआय काढल्यास टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडतात, त्या दुमडण्यातून उष्णता निर्माण होते, आणि मागे माणूस बसलेला असेल तर ती आणखी वाढते. उन्हाळ्यात टायर निकामी होतात त्यामागे कमी हवा, झिजलेले किंवा जुने रबर आणि जादा भार ही कारणे मोठी असतात. ट्यूबच्या टायरमध्ये तर हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटू शकतो. हवा सकाळी, गाडी न चालवता, कंपनीच्या आकड्याइतकीच भरून घ्यावी. नायट्रोजनचे म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर त्याचाही दाब जवळजवळ तेवढाच वाढतो.

काँक्रीट मऊ होत नाही, एवढे खरे. परंतु मुंबईतले काँक्रीटीकरण टप्प्याटप्प्याने चालले असल्याने एकाच फेरीत काँक्रीट, डांबर आणि पेव्हर ब्लॉक तिन्ही लागतात आणि त्यांच्या सांध्यांवर बहुधा उंचसखल पायरी असते. रॉकेलविषयी लांबण लावण्याचे कारण नाही: तेलजन्य द्रावक रबरात मुरून ते फुगवतात, आणि ब्रेक डिस्कवर चार थेंब उडाले तर काय होईल ते सांगायला नको. चिकटलेले डांबर थंड झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडावे.

राहता राहिला साइड स्टँड, आणि येथे संदेश बरोबर आहे. बिटुमेनवर किती भार पडतो याइतकेच तो किती वेळ पडतो यालाही महत्त्व असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या टायरचा भार एका जागी सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाच टिकतो. स्टँडचे टोक मात्र दोन-चार चौरस सेंटिमीटरवर तासन्‌तास दाबत राहते, म्हणजे तीन तासांत दहा लाखपटींहूनही अधिक काळ. कांजूरमार्गला रस्त्याकडेच्या ताज्या ठिगळावर मी मे महिन्यात सकाळी उभी केलेली मोटरसायकल दुपारी शेजारच्या स्कूटरवर रेललेली सापडली होती, आणि त्या स्कूटरचा आरसा मला भरून द्यावा लागला. तेव्हापासून स्टँडखाली ठेवायला फरशीचा एक तुकडा मी गाडीच्या पिशवीत ठेवतो.